किनारा मोजणारे आणि भरतीची रेषा : पार्श्वभूमी

भरतीरेषेपासूनचे अंतर मोजून बांधकामाला परवानगी द्यायची किंवा नाकारायची, ही पद्धत १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेने आली. त्याआधी १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटर मोकळे ठेवायला सांगितले होते, पण पत्राने नकाशे तयार होत नाहीत. अधिसूचनेनंतर नकाशे लागले आणि ते काम किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांकडे गेले. तोवर त्यांचे सारे काम किनारा कसा आणि किती हलतो हे मोजण्याचे होते. हलणाऱ्या किनाऱ्यावर ही रेषा नेमकी कुठे आखायची, हा वाद तिथूनच.

हा अभ्यास आपल्याकडे बंदरांच्या गरजेतून वाढला. मद्रास बंदराचे काम १८७६ मध्ये सुरू झाले. दक्षिणेकडून सरकत येणारी वाळू बंदराच्या भिंतींना अडली, त्यामुळे दक्षिणेची पुळण (वाळूचा किनारा) रुंद होत गेली आणि उत्तरेकडचा किनारा खचू लागला. मरीनाचा आजचा विस्तार हा त्याचाच परिणाम. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटा आणि पुळणीचा उतार यांचे गणित परदेशात झपाट्याने पुढे गेले. १९६१ मध्ये एका अमेरिकी भूशास्त्रज्ञाने दोन काठ्या आणि क्षितिज एवढ्यावर पुळणीचा छेद (पाण्यापर्यंतच्या चढ-उताराची आडवी आकृती) काढण्याची रीत मांडली. तिला महागडे उपकरण लागत नसल्याने विद्यार्थी अजूनही ती वापरतात.

पश्चिम किनाऱ्यावरचे नियमित मोजमाप मुख्यतः गोव्यात, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या समुद्रविज्ञान संस्थेमुळे रुजले. कळंगुट, मिरामार, कोलवा इथले छेद वर्षभर मोजल्यावर दिसलेले चित्र मच्छीमारांना आधीपासून ठाऊक होते. जून ते सप्टेंबर लाटा पुळण खरवडून वाळू समोरच्या उथळ पाण्यात नेतात आणि पावसाळा सरला की ती हळूहळू परत येते. मेमधली पुळण पाहून ऑगस्टमधली ओळखू येत नाही. कोकणात आणखी एक गोष्ट आहे. इथे दोन कातळी टोकांच्या कुशीत छोट्या छोट्या पुळणी बसलेल्या आहेत, म्हणून मद्राससारखी लांबवर वाहणारी वाळू फारशी नाही. एका पुळणीचे नुकसान शेजारच्या पुळणीने भरून निघत नाही.

गेलेली वाळू परत येईल, की कायमची गेली, हे एका वर्षाच्या मोजमापावरून सांगता येत नाही. त्यासाठी दशकांची नोंद लागते, आणि ती बहुतेक गावांसाठी उपग्रहचित्रांतूनच मिळाली. १९९० ते २०१८ या काळातल्या चित्रांवरून देशाच्या सुमारे एक तृतीयांश किनाऱ्याची धूप होत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश निघाले. देशाच्या तुलनेत कमी म्हणून त्यावर समाधान मानणारे आहेत. पण राज्याच्या किनाऱ्याचा मोठा भाग कातळाचा आहे आणि कातळ सरासरी सुधारतो. ज्यांच्या माडांच्या वाड्या पुळणीमागे आहेत, त्यांना त्या सरासरीचा उपयोग नाही.

आता मूळ वादाकडे. १९९१ च्या व्याख्येत भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या सर्वांत मोठ्या भरतीचे पाणी जिथवर चढते ती रेषा. यात लाट नाही. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढते, मालवणपर्यंत जाईतो ते जवळपास अर्ध्यावर येते. एवढे भरतीचे कोष्टक सांगते. पण त्या पाण्यावर पावसाळी लाट किती वर धावेल हे उतारावर आणि त्या वर्षीच्या वाळूवर ठरते. पन्नासास एक असा उतार असेल तर पाण्याच्या पातळीत अर्ध्या मीटरचा फरक पडला की रेषा २५ मीटर आत-बाहेर होते. मोजणी कोणत्या महिन्यात केली हा प्रश्न त्यामुळे तांत्रिक राहत नाही.

याला उत्तर म्हणून ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत धोकारेषा आली. भरती, लाटा, समुद्रपातळीतली वाढ आणि किनाऱ्याची सरक हे चारही घटक धरून ती आखायची होती. पुळणीच्या अभ्यासकांचे म्हणणे कायद्यात उतरण्याची ही पहिली वेळ. राज्यांच्या तक्रारींनंतर २०१४ मध्ये त्या अधिसूचनेच्या फेरविचारासाठी समिती नेमली गेली. तिचा अध्यक्ष सागरी शास्त्रांतलाच जाणकार होता, त्यामुळे हा वाद शास्त्रज्ञ विरुद्ध सरकार असा सरळ नाही. अहवाल २०१५ मध्ये तयार झाला आणि माहितीच्या अधिकारात मागितल्यावरच लोकांपुढे आला. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत धोकारेषा राहिली, पण फक्त आपत्ती व्यवस्थापनासाठी. बांधकामाच्या मर्यादेशी तिचा संबंध तुटला. एका रेषेवर इतके काम करून घ्यायचे आणि जिथे ती अडवेल तिथेच ती लागू करायची नाही, हे समजायला कठीण आहे. आपत्ती येते ती बांधलेल्यावरच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात धडकले, तेव्हा ही अधिसूचना दीड वर्षाची होती.

याच अधिसूचनेने ग्रामीण भागात लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तिथे ना-विकास क्षेत्र (भरतीरेषेपासून बांधकामाला मनाई असलेला पट्टा) २०० वरून ५० मीटरवर आणले. चर्चा बहुतेक या आकड्याचीच होते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घनता दोनशेच्या खाली आहे. विखुरलेल्या वाड्यांच्या कोकणात मोजकी बंदरगावे सोडली तर ही सवलत कितपत लागेल, शंकाच आहे.

कोकणात फरक पडतो तो खाड्यांच्या नियमाने. १९९१ मध्ये खाडीकाठी किमान १०० मीटर (खाडी अरुंद असेल तर तिच्या रुंदीइतके) अंतर होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते ५० वर आणले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. २०११ मध्येही १०० कायम राहिले. २०१९ मध्ये ५० मीटर पुन्हा आले. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या खाडीकाठांची लांबी धरली तर समुद्राकडच्या किनाऱ्यापेक्षा या काठांवर बांधायला मोकळी झालेली जमीन जास्त भरेल, आणि पुळणींचे छेद जसे वर्षानुवर्षे मोजले गेले तसे खाडीकाठांचे क्वचितच मोजले गेले आहेत.