रिक्वेस्ट स्मगलिंग

रिक्वेस्ट स्मगलिंग हा वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधील सुरक्षादोष असून, एखादी विनंती (ब्राउझरने सर्व्हरकडे पाठवलेली मागणी) नेमकी कुठे संपली याविषयी एकामागे एक उभ्या असलेल्या दोन सर्व्हरांचे एकमत नसले की तो उद्भवतो. मोठ्या संकेतस्थळांवर पुढची प्रॉक्सी, म्हणजे वापरकर्ता व मुख्य सर्व्हर यांच्यामधला सर्व्हर, अनेकांच्या विनंत्या एकाच चालू जोडणीवरून मागच्या सर्व्हरकडे धाडते आणि प्रत्येकीची लांबी मोजूनच पुढची कुठे सुरू होते ते ठरते.

एचटीटीपी १.१ या वेबच्या संवादनियमांच्या आवृत्तीत ही लांबी सांगण्याच्या दोन रीती आहेत. ‘कंटेंट-लेंग्थ’ या हेडरमध्ये (विनंतीच्या माथ्यावरील माहितीच्या ओळीत) बाइटांचा आकडा आधीच दिलेला असतो. ‘ट्रान्सफर-एन्कोडिंग’मध्ये ‘चंक्ड’ लिहिले असेल तर मजकूर तुकड्यांनी येतो आणि शून्य लांबीचा तुकडा हा त्याचा शेवट मानला जातो. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांची गाडी आली आहे, फाटकावरचा कारकून चिठ्ठीवरचा आकडा पाहून सहा कॅरेट आत सोडतो, आतला हमाल मात्र पाचवे कॅरेट रिकामे दिसताच माल संपला असे धरतो, आणि सहावे कॅरेट मागून येणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर चढते, अशी कल्पना केली की दोष ध्यानात येतो.

सर्व्हरवरही असेच घडते. समजा, विनंतीत दोन्ही हेडर आहेत; प्रॉक्सी ‘कंटेंट-लेंग्थ’ पाळते आणि मागचा सर्व्हर ‘चंक्ड’ पाळतो. लांबी ६ सांगितलेल्या मजकुरात शून्याचा आकडा, प्रत्येकी २ बाइटांच्या दोन ओळसमाप्ती आणि ‘एक्स’ हे अक्षर असेल, तर प्रॉक्सी सहाही बाइट पुढे धाडते. मागचा सर्व्हर पाचव्यावर थांबतो आणि उरलेले अक्षर चिकटून पुढच्या वापरकर्त्याची ‘गेट’ (पान मागणारी) विनंती ‘एक्सगेट’ होऊन बसते. एका अक्षराच्या जागी हल्लेखोर अर्धी विनंती ठेवतो, तेव्हा प्रॉक्सीवरची प्रवेशबंदी चुकवणे, दुसऱ्याची कुकी (त्याची ओळख पटवणारी नोंद) हस्तगत करणे, कॅशमध्ये (पानांच्या तात्पुरत्या साठ्यात) भलतेच पान शिरवणे शक्य होते. ज्याने काहीच चुकीचे केलेले नाही त्यालाच इजा होते, हे या दोषाचे विशेष गंभीर अंग होय.

वॉचफायर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २००५ साली हा प्रकार मांडला; पुढे तो बराच काळ दुर्लक्षित राहिला आणि २०१९ मध्ये पोर्टस्विगर या वेब-सुरक्षा कंपनीच्या जेम्स केटल यांच्या संशोधनाने पुन्हा ऐरणीवर आला. दोन्ही हेडर असलेली विनंती सर्व्हरने नाकारावी किंवा केवळ ‘ट्रान्सफर-एन्कोडिंग’नुसार हाताळावी, आणि उत्तर देऊन जोडणी बंद करावी, असे एचटीटीपी १.१ चे नियम देणारा २०२२ चा दस्तऐवज, आरएफसी ९११२, सांगतो. एचटीटीपी २ मध्ये लांबी फ्रेमनिहाय, म्हणजे डेटाच्या प्रत्येक गठ्ठ्यागणिक, ठरलेली असते. तथापि प्रॉक्सीने मागच्या बाजूला विनंती १.१ मध्ये उतरवली की धोका परततो.

प्रत्येक सर्व्हर एकेकटा तपासल्यास दोष सहसा दिसत नाही, म्हणून जोडीची तपासणी आवश्यक ठरते. ती चालू संकेतस्थळावर केल्यास उरलेले बाइट अनोळखी माणसाच्या विनंतीला चिकटू शकतात. त्यामुळे त्याच आवृत्त्यांची प्रॉक्सी व सर्व्हर यांची वेगळी जोडी उभारून ती करावी.