गुरूचे रेडिओ उत्सर्जन

गुरू ग्रहाच्या चुंबकावरणातून, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या पसाऱ्यातून, निसर्गतः बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी. शोध 1955 चा, आणि तोही अपघातानेच. अमेरिकेत मेरिलँड येथे बर्नार्ड बर्क व केनेथ फ्रँकलिन 22.2 मेगाहर्ट्झवर क्रॅब अभ्रिकेचा वेध घेत असताना नोंदीत खरखर उमटे. एखाद्या गाडीच्या इंजिनातली ठिणगी असावी, असे आधी वाटले. पण ही खरखर ताऱ्यांच्या चालीने रोज थोडी लवकर येत होती, आणि त्या जागी गुरू होता.

चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन हा या लहरींचा उगम. चुंबकीय क्षेत्राच्या दर गॉसमागे (गॉस हे त्याच्या बळाचे एकक) 2.8 मेगाहर्ट्झ कंप्रता, असा हिशेब. उत्सर्जन 40 मेगाहर्ट्झच्या अलीकडे एकदम थांबते, म्हणजे ध्रुवांजवळचे क्षेत्र सुमारे 14 गॉस. पृथ्वीचे जेमतेम अर्धा-पाऊण. खालच्या टोकाला, साधारण 10 मेगाहर्ट्झखाली, आपलेच आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) वाट अडवते.

यात आयो या उपग्रहाचा हात असल्याचे 1964 मध्ये दिसले. 42.5 तासांत गुरूला फेरी घालणारा आयो आपल्या ज्वालामुखींतून सेकंदाला सुमारे टनभर द्रव्य चुंबकावरणात सोडतो. लहरी पोकळ शंकूसारख्या पसरतात. शंकूची कड पृथ्वीकडे वळली तरच ऐकू येतात. म्हणून गुरूच्या या रेडिओ वादळांचे चक्क वेळापत्रक मांडता येते. काही स्फोट किनाऱ्यावरच्या लाटांसारखे, तर मिलिसेकंदांचे स्फोट लाह्या फुटाव्यात तसे वाजतात.

पुण्याच्या उत्तरेस खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गंमत अशी, की या लाह्या तिला ऐकू येत नाहीत. तिचे पट्टे शंभर मेगाहर्ट्झच्या वरचे. तिने टिपले ते गुरूचे दुसरे, अखंड उत्सर्जन: प्रारण पट्ट्यांत अडकलेल्या, प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे सिंक्रोट्रॉन प्रारण. 1994 मध्ये शूमेकर-लेव्ही 9 धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले तेव्हा ते काही काळ वाढले होते.

लाह्या ऐकायला मात्र गच्चीवर ताणलेली सुमारे सात मीटरची तार आणि 20 मेगाहर्ट्झचा शॉर्टवेव्ह रेडिओ पुरतो. वेळ रात्रीची हवी. ढगांची अडचण नाही. वळवाच्या विजा आणि सोसायटीतले एलईडी दिवे यांची आहे, त्यामुळे कोथरूडपेक्षा मुळशीकडचे एखादे शेत बरे.