मॉडेल मोटारींच्या संचांतील भागांचा बाक काढणे

सुटे भाग जोडून उभ्या करायच्या छोट्या मोटारींच्या संचांत वाकलेले, पीळ पडलेले किंवा आतबाहेर झुकलेले प्लास्टिकचे भाग उष्णता आणि आधार देऊन मूळ आकारात आणण्याची ही क्रिया आहे. चासी, बॉडी, बॉनेट आणि बंपर या लांबट किंवा पातळ भागांत हा दोष वारंवार आढळतो. त्यांतही चासीचा पीळ सर्वांत त्रासदायक ठरतो, कारण तीनच चाके टेकलेली मोटार रंगकाम कितीही सुबक असले तरी नजरेतून सुटत नाही.

असे संच जोडण्याचा छंद प्रामुख्याने अमेरिकेत वाढला. तेथील एएमटी या कंपनीने १९५८ मध्ये एकच मोटार तीन प्रकारे जोडता येईल असे १/२५ प्रमाणाचे संच बाजारात आणले. त्याआधीपासून मोटारविक्रेत्यांकडे जाहिरातीसाठी ज्या तयार प्रतिकृती मिळत, त्यांपैकी अनेक सेल्युलोज ॲसिटेटच्या असत. या प्लास्टिकला लवचीक ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे उडून जाते, भाग आकसतो आणि बॉडीची टोके व कडा वाकू लागतात. हा बाक पदार्थाच्या झिजेतून आलेला असल्यामुळे तो काढला तरी टिकत नाही. जुन्या प्रतिकृतींच्या संग्राहकांनी तो खपवून घेणेच शहाणपणाचे असते. पुढील विवेचन आजच्या बहुतेक संचांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिस्टायरीनविषयी आहे.

वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने साच्यात शिरते तेव्हा त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात आणि सैल होण्याआधीच थिजतात. जाड भाग पातळ भागापेक्षा उशिरा निवतो व निवताना शेजारच्या भागाला आपल्याकडे ओढतो. भाग पुरेसा थंड होण्यापूर्वीच साच्यातून ढकलून काढला, तर हा ताण वाकण्याच्या रूपाने लगेच प्रकट होतो. एरवी तो भागात दबून राहतो आणि खोक्यात इतर भागांच्या दडपणाखाली किंवा तापलेल्या कोठारात काही वर्षे गेल्यावर बाहेर येतो. म्हणूनच थंड भाग हाताने उलट वाकवून काही साधत नाही: तो स्प्रिंगसारखा पूर्ववत होतो किंवा मोडतो.

प्रथम दोष नेमका कोठे आहे ते ठरवावे लागते. चासी सपाट जाड काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांखाली कागदाची पट्टी सरकवून पाहतात. समोरासमोरचे, म्हणजे कर्णावरचे दोन कोपरे उचललेले असतील तर तो पीळ, आणि मधला भाग उचललेला असेल तर तो बाक. बॉडीच्या बाबतीत मात्र घाई करू नये. बॉडी, आतली बैठक आणि चासी गोंद न लावता चिकटपट्टीने एकत्र बांधून पाहिल्यास आत झुकलेल्या बाजू बैठकीच्या आधाराने आपोआप सरळ होतात, असा अनुभव पुष्कळदा येतो. प्रत्येक वाकडा भाग तापवण्याचा हट्ट नवशिक्यांत दिसतो, आणि त्यात चांगले भागही बिघडतात.

पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते, पण बाहेरून जोर लावलेला असेल तर त्याखालच्या तापमानालाही ते हळूहळू आकार बदलते. त्यामुळे ७० ते ८० अंशांचे पाणी पुरेसे होते. उकळते पाणी थेट ओतल्यास बॉडीचे छत तोलणारे पातळ खांब लोंबतात. सर्वांत भरवशाची पद्धत अशी की भाग धातूच्या सरळ पट्टीला किंवा काचेला चिकटपट्टीने अथवा दोऱ्याने बांधावा, तो गरम पाण्यात बुडवावा आणि पाणी आपोआप निवेपर्यंत तसाच राहू द्यावा. घाई असल्यास भाग बाहेर काढून बोटांनी किंचित उलट दिशेला, म्हणजे हवा त्यापेक्षा थोडा जास्त वाकवून थंड पाण्याखाली धरतात. हेअर ड्रायरने एखादा खांब किंवा कडा सुधारता येते, पण उष्णता असमान पडते. मेणबत्तीसारखी ज्योत वापरू नये. पॉलिस्टायरीन सहज पेट घेते आणि काजळी सोडते.

हे सारे रंगकामापूर्वी करावयाचे असते. चकचकीत बंपरवरचा लेप म्हणजे निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. भाग वाकवताना त्याला तडे जातात. पारदर्शक काचांचे प्लास्टिक ठिसूळ असते, म्हणून त्यांना बोटांचा जोर अजिबात न लावता फक्त बांधून तापवण्याची पद्धत वापरतात. याउलट पॉलियुरेथेन रेझिनचे ओतीव भाग गरम पाण्यात लवकर नरमतात, परंतु उन्हात उभ्या केलेल्या खऱ्या मोटारीत राहिल्यास तितक्याच सहजपणे पुन्हा वाकतात.

किरकोळ बाक तापवण्याऐवजी जोडताना काढणे अनेकदा सोपे पडते. भागाचे एक टोक आधी चिकटवून रात्रभर वाळू द्यावे आणि मग उरलेली कडा थोडी थोडी चिमट्यांनी दाबून चिकटवत जावे. बॉडीच्या मागच्या बाजू फाकत असतील तर त्यांच्यामध्ये आतून प्लास्टिकची आडवी पट्टी बसवतात. अशा जोडणीत ताण नाहीसा होत नाही, तो फक्त जखडला जातो, आणि पुढे सांधा कमकुवत निघाल्यास तेथेच फट पडते. तापवून सरळ केलेला भाग एक रात्र मोकळा ठेवून दुसऱ्या दिवशी काचेवर पुन्हा तपासतात. तो परतलेला दिसल्यास पाणी अधिक तापवण्याऐवजी भाग त्याच तापमानाला जास्त वेळ बांधून ठेवतात.