पोदेराचा हॉर्न आणि कर्नलची हाक

गोव्यात, फोंड्याला आमच्या वाड्यावर सकाळी साडेसहाच्या सुमारास पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलवर झाकलेली टोपली, हाताशी रबरी हॉर्न. पों-पों! उंडे किती उरलेत, पोळी संपली का (दोन्ही पावाचेच प्रकार), कालचे पैसे राहिलेत का, यातलं काहीच त्या आवाजात नसतं. 'मी आलोय' एवढंच. बाकीचं दारात जाऊन बघायचं.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नललाही, म्हणजे तिच्या गाभ्यालाही, प्रोग्रामना सतत अशा हाका माराव्या लागतात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली जुनी हाक म्हणजे सिग्नल, आणि तो थेट या हॉर्नच्या जातीचा. पोचायची वाट बघणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या साध्या सिग्नलसाठी कर्नल एकच बिट राखतो : वाजला, की नाही. तुम्ही न्हाणीत असताना हॉर्न तीनदा वाजला, तरी बाहेर आल्यावर कळतं ते पोदेर आला होता एवढंच. म्हणून एखाद्या प्रोग्रामच्या तीन चाइल्ड प्रोसेस (त्यानेच सुरू केलेली कामं) एकदम संपल्या, तर त्याला सिग्नल एकदाच मिळू शकतो. एक सिग्नल म्हणजे एकच मेली, असं धरून चालणाऱ्याकडे झोम्बी, म्हणजे संपूनही कर्नलच्या यादीत उरलेल्या प्रोसेस, साठत जातात. (हा शब्द माझा नव्हे, युनिक्सवाल्यांचाच.)

शिवाय सिग्नल वेळकाळ बघत नाही. अंगाला साबण असताना धावायला लावतो. प्रोग्राम मेमरीची जुळवाजुळव अर्धी करून बसलेला असतो आणि तिथेच सिग्नल हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारा कोड, सुरू होतो. त्याने पुन्हा मेमरी मागितली तर सगळा घोळ. म्हणून हँडलरमध्ये मजकूर छापणारं साधं 'प्रिंटएफ'सुद्धा सुरक्षित मानत नाहीत.

त्यापेक्षा प्रोग्रामने स्वतःच, सवड होईल तेव्हा, विचारावं हे बरं. 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये 'सिलेक्ट' आलं ते त्यासाठीच. पण त्यात दर खेपेला कनेक्शनची अख्खी यादी कर्नलपुढे ठेवायची आणि त्याने ती वरपासून खालपर्यंत तपासायची. दहा कनेक्शन असतील तर ठीक, दहा हजार असतील तर यादी वाचण्यातच दिवस मावळायचा. 2000 साली फ्रीबीएसडीत 'केक्यू' आणि 2002 साली लिनक्समध्ये 'ईपोल' आलं. यादी कर्नलनेच लक्षात ठेवायची आणि ज्यांच्याकडे काही आलंय तेवढ्यांचीच नावं सांगायची.

ईपोलमध्ये एक खोच आहे, आणि तिथे भलेभले अडकतात. आमच्याकडे गेटला पिशवी टांगून ठेवतात, पोदेर तिच्यात पाव टाकून जातो. पिशवीत पाव आहे तोवर कोणी 'आहे, आहे' सांगत राहिलं, तर ती लेव्हलची रीत. नवा पाव पडला तेव्हाच एकदा सांगायचं, ती एजची. एजच्या रीतीत तुम्ही दोन उंडे काढून उरलेले तिथेच ठेवलेत, तर पोदेर पुन्हा येईपर्यंत कोणी आठवण करणार नाही. पिशवी रिकामी होईपर्यंत काढत राहायचं, एवढाच इलाज.

मग वाटतं, बिटाऐवजी प्रत्येक घटनेची चिठ्ठी ठेवावी, म्हणजे काहीच हरवणार नाही. पण वाचणारा आळशी निघाला तर त्या चिठ्ठ्या कर्नलच्या मेमरीत साठत जाणार, आणि ती मेमरी सगळ्यांची. रांगेला मर्यादा हवीच. फाइलींतले बदल कळवणाऱ्या लिनक्सच्या 'आयनोटिफाय'मध्ये ही मर्यादा, सेटिंग न बदलल्यास, बरीच वर्षं 16,384 घटनांची आहे. ती भरली की पुढच्या घटना टाकून दिल्या जातात आणि रांगेच्या शेवटी एक वेगळी चिठ्ठी येते : रांग ओसंडली. मला हे फार प्रामाणिक वाटतं. किती हरवलं ते माहीत नाही, पण हरवलंय हे लपवायचं नाही.

मी एकदा फोटोंच्या फोल्डरवर नजर ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. शिगम्याच्या फोटोंचा अख्खा गठ्ठा त्यात ओतला, तर काही फोटो यादीत येईचनात. दोन दिवस कर्नलला शिव्या घातल्या. ती चिठ्ठी वेळेवर आली होती. तिचा प्रकार ओळखीचा नाही म्हणून माझाच कोड ती फेकून देत होता. आता ती आली की तो मुकाट्याने अख्खं फोल्डर पहिल्यापासून मोजतो.