भाजक न शोधता सिद्ध झालेली मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी हे १८७६ मध्ये सिद्ध केलं, तेही हातानं आकडेमोड करून. तिच्याहून मोठी मूळ संख्या सापडायला १९५१ साल उजाडावं लागलं.

शाळेतल्या रीतीनं जायचं, तर वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भाग देऊन पाहायचा. इथे वर्गमूळच २० अंकी! सेकंदाला एक अब्ज भागाकार उरकणारं यंत्र दिलं, तरी सगळ्या संख्या तपासायला चारशेहून जास्त वर्षं लागतील. ल्युकांनी भाजकांच्या वाटेला जायचंच टाळलं.

त्यांना मदत झाली ती संख्येच्या घडणीची. २ चा १२७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती म्हणजे ओळीनं १२७ एक, बाकी काही नाही. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. त्यांच्यासाठी ल्युकांनी कसोटी शोधली आणि पुढे डेरिक लेमर यांनी ती सुटसुटीत केली. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्यांनंतर शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. १२७ ही स्वतः २ च्या ७ व्या घाताहून १ नं कमी, म्हणून तिला पाच फेऱ्या: ४, १४, ६७, ४२, १११, ०. कागदावर करून पाहा, शेवटचं शून्य खरंच सुखावतं. आपल्या ३९ अंकी संख्येला अशा १२५ फेऱ्या लागतात. शिवाय द्विमानात भागाकारही करावा लागत नाही. १२७ स्थानांच्या पलीकडे गेलेला भाग उचलून खालच्या भागात मिळवला की झालं.

मात्र ही कसोटी भाजक सांगत नाही. ज्यांचं नाव या संख्यांना मिळालं त्या मारिन मर्सेन यांनी १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली होती, त्यात १२७ बरोबर ६७ हाही घातांक होता. तिथे संख्या मूळ नसल्याचं ल्युकांनी दाखवलं, पण तिचे भाजक १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ फ्रँक कोल यांनी मांडले ते १९०३ मध्ये.

आता २, ३, ७, १२७ ही साखळी पाहा. प्रत्येक संख्येला २ चा घातांक करून १ वजा केला की पुढची मिळते. पाचवी म्हणजे आपली ३९ अंकी संख्या. पाचही मूळ आहेत. सहावी? तिच्यात किती अंक आहेत हे सांगायलाच ३८ अंकी संख्या लागते, आणि कसोटीच्या फेऱ्या जवळपास पाचव्या संख्येइतक्या. तो नाद कोणत्याही संगणकानं सोडून द्यावा. मग उरतो तोच जुना, भाजक शोधण्याचा मार्ग. असा मूळ भाजक असलाच, तर तो पाचव्या संख्येच्या दुपटीच्या पटीहून १ नं जास्त असला पाहिजे. आजवर एकही सापडलेला नाही.