रेनबो योजना (लोरेटो शाळा, सियालदह)

कोलकात्यातील लोरेटो डे स्कूल, सियालदह या मुलींच्या शाळेने १९८५ मध्ये रस्त्यावर राहणाऱ्या मुलींसाठी सुरू केलेली शिक्षणयोजना. तिच्या प्रवर्तक सिस्टर सिरिल मूनी (१९३६–२०२३) या लोरेटो या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनी होत्या. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सिस्टर १९५६ मध्ये भारतात आल्या आणि अखेरपर्यंत इथेच राहिल्या.

लोरेटोच्या धर्मभगिनी १८४१ च्या अखेरीस आयर्लंडहून कोलकात्यात पोहोचल्या; सियालदहची शाळा १८५७ ची. फी भरणाऱ्या मुलींचे इंग्रजी कॉन्व्हेंट एकीकडे आणि अनाथ, गरीब मुलींची सोय वेगळीकडे, अशी या शिक्षणाची जुनी रीत. मदर तेरेसा १९४८ पर्यंत ज्या एंटाली परिसरात शिकवत होत्या, तिथेही इंग्रजी शाळेशेजारी बंगाली माध्यमाची निराळी शाळा होती. सिस्टर सिरिल १९७९ मध्ये सियालदहच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांनी ही भिंतच काढायला घेतली. विनाफी मुलींची संख्या त्या वाढवत गेल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शाळेतील सुमारे १,४०० मुलींपैकी निम्म्या गरीब घरांतल्या होत्या. त्या इतर मुलींच्याच वर्गात, त्याच गणवेशात बसत.

तरीही सियालदह स्थानकाच्या आसपास राहणाऱ्या मुली बाहेरच उरत. भंगार वेचणारी किंवा धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी सकाळच्या घंटेला हजर राहणार कशी? म्हणून रेनबोत येण्याची वेळ ठरलेली नव्हती. काम आटोपले की मुलगी फाटकातून आत येई. तिला शिकवायला बहुधा शाळेतलीच मुलगी बसे. पाचवीपासून वरच्या वर्गांचे कार्यानुभवाचे तास वेळापत्रकात असे विखुरले होते की दिवसभर कोणता ना कोणता वर्ग या कामाला मोकळा असे. एका मुलीसमोर एक मुलगी, असे हे शिक्षण. स्वतंत्र शिक्षक नेमण्याचा खर्च वाचला हा त्यातला लहान फायदा. खरी करामत अशी की, ज्या तासाला इतरत्र मुली रुमालावर टाके घालत, तो तास अभ्यासक्रमाला धक्का न लावता कामी आला. वयाला साजेशा इयत्तेइतकी तयारी झाली की मुलीला नियमित शाळेत घालत, पुष्कळदा बंगाली माध्यमाच्या. रात्री फुटपाथवर राहणे धोक्याचे, म्हणून पुढे शाळेच्याच इमारतीत निवासाची सोय झाली.

आपल्या मुलींना रस्त्यावरच्या मुलींबरोबर कशाला बसवायचे, अशी कुरकुर काही पालकांनी केली. योजना थांबली नाही. वरच्या वर्गांतल्या मुली आठवड्यातून एकदा कोलकात्याबाहेरच्या खेड्यांतल्या शाळांत जाऊन तिथल्या मुलांना शिकवू लागल्या. खेड्यांतल्या आणि वस्त्यांमधल्या तरुणांना प्राथमिक शिक्षक म्हणून तयार करणारे ‘बेअरफूट टीचर’ प्रशिक्षणही याच शाळेत चाले. १९९४ मध्ये युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये सिस्टर सिरिल यांना पद्मश्री. २०११ मध्ये त्या मुख्याध्यापिकापदावरून निवृत्त झाल्या.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा राखल्या, पण २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक समाजांनी चालवलेल्या विनाअनुदानित शाळांना त्यातून वगळले. सियालदहचे प्रमाण त्याआधीच याच्या दुप्पट होते, हे या वादात फारसे कोणी बोलत नाही.

‘रेनबो होम्स’ या नावाने ही कल्पना पुढे हैदराबाद, दिल्ली, पुणे अशा शहरांत गेली. तिथे सरकारी व पालिका शाळांच्या रिकाम्या खोल्या निवासासाठी वापरल्या गेल्या. छप्पर, जेवण आणि शाळेत दाखला या गोष्टी तिकडे पोहोचल्या. फी भरणाऱ्या मुलीने रोज उठून रस्त्यावरच्या मुलीला शिकवायचे, हा भाग मात्र त्या इमारतींत शक्यच नव्हता, कारण तिथे फी भरणाऱ्या मुली नव्हत्या.