इनामगाव

इनामगाव : पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठी असलेले ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातील) वसाहतीचे स्थळ. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे येथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. हसमुख धीरजलाल सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी हे त्याचे सूत्रधार होते. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवशास्त्राच्या दृष्टीने हे स्थळ महत्त्वाचे आहे, कारण येथे घरे, धान्य, जनावरांची हाडे आणि माणसांचे सांगाडे एकाच गावातून आणि सलग थरांतून मिळाले. या साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगाचा माग १९५० नंतर लागू लागला. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या जोर्वे या गावी लाल रंगावर काळ्या रेघांची, चाकावर घडवलेली, वाजवली तर खणखणणारी मडकी सापडली. त्या गावाचे नाव पुढे संपूर्ण संस्कृतीला मिळाले. तोटीचे भांडे आणि मध्यावर कंगोरा असलेला वाडगा ही तिची ओळख. नाशिक, नेवासे, दायमाबाद, चांडोली, प्रकाशे अशी स्थळे पाठोपाठ उजेडात आली. सुरुवातीच्या उत्खननांत भर होता तो उभ्या खड्ड्यांवर : खोल जायचे, थर मोजायचे, कोणत्या थरात कोणते खापर हे नोंदवायचे. त्यातून कालक्रम हाती येतो, पण माणसे कशी राहत होती हे कळत नाही. इनामगावला पद्धत बदलली. पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या मातीच्या) पाच टेकाडांपैकी मुख्य टेकाड आडवे उलगडत नेले आणि शंभराहून अधिक घरांच्या भुया उघड्या केल्या. एका खेड्याचा नकाशा हाती येईल इतके विस्तृत उत्खनन दख्खनच्या प्रागैतिहासिक काळासाठी तोवर झाले नव्हते.

या कामामागे डेक्कन कॉलेजातली एक जुनी सवयही होती. सांकळिया आणि इरावती कर्वे दोघेही १९३९ मध्ये तिथे रुजू झाले. कर्वे यांची बर्लिनमधील डॉक्टरेट मानवी कवटीच्या असममितीवर होती, आणि पुढे त्यांचे मुख्य काम नातेसंबंध, जाती आणि कुटुंब यांवर झाले. गुजरातमधील लांघणज येथे सूक्ष्मास्त्रांसोबत (दगडाच्या अगदी बारीक हत्यारांसोबत) सांगाडे मिळाले तेव्हा १९४० च्या दशकात दोघांनी मिळून त्या कामात भाग घेतला. हत्यार एकाने पाहायचे, हाडे दुसऱ्याने आणि जिवंत समाजाचे रीतिरिवाज तिसऱ्याने, अशी खात्यांची कुंपणे तिथे फारशी पक्की नव्हती. कर्वे १९७० मध्ये वारल्या. इनामगावच्या सांगाड्यांवर काम करणारी पिढी त्यांच्यानंतरची होती.

वसाहतीचे तीन कालखंड पाडले जातात : माळवा (इ. स. पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (१०००–७००). पहिल्या कालखंडातली मडकी माळव्यातील मडक्यांशी नाते सांगतात. घरे चौकोनी, ऐसपैस; ठेंगण्या मातीच्या भिंती आणि वर कुडाचे काम. धान्य साठवायला जमिनीत पेवे, कणग्या ठेवायला चोपलेले गोल ओटे.

पूर्व जोर्वे हा भरभराटीचा काळ. घरे ओळीने बांधलेली होती आणि दोन घरांमध्ये बोळ सोडलेला होता. सुखवस्तू शेतकरी गावाच्या मध्यभागी राहत. कुंभार, सोनार, चुना भाजणारे आणि हस्तिदंताचे काम करणारे कारागीर पश्चिमेच्या कडेला असत. मध्ये एक पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. कोठारावर ताबा असलेला तो गावाचा प्रमुख, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. घोड नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी सुमारे २०० मीटर लांबीचा कालवा खणलेला होता आणि त्याच्या कडेने दगडमातीचा बांध घातलेला होता. एवढे काम एका कुटुंबाच्या हातचे नाही. माणसे जमवणारा, कामाला लावणारा आणि त्यांच्या पोटाची सोय करणारा कोणीतरी असणारच. या कारणाने इनामगावचा उल्लेख प्रमुखसत्ताक (एका प्रमुखाच्या हाती सत्ता असलेल्या) समाजाचे उदाहरण म्हणून होतो. कोठार आणि मोठे घर शेजारी असणे हा पुरावा आहे. प्रमुखपद बापाकडून मुलाकडे जात होते का, हे मात्र भिंती सांगत नाहीत.

शेती मुख्यतः जवाची. गहू, मसूर, हुलगा, वाटाणा हीही पिके होती, आणि रानातली बोरे खाल्ली जात. गाई-बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या पाळल्या जात. पाळीव जनावरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा असल्याने त्यांचे मांस खाल्ले जात होते, यात शंका उरत नाही. हरणांची शिकार होई, नदीतले मासे पकडले जात. तांब्याचे गळ सापडले आहेत. तांबे महाग आणि थोडे, म्हणून रोजच्या कापाकापीला गारेची बारीक पाती वापरली जात. एका भांड्यावर बैल जुंपलेल्या गाडीचे चित्र कोरलेले आहे. शंखासारख्या वस्तू किनाऱ्याकडून येत, म्हणजे पर्जन्यछायेतले हे गाव बाहेरच्या जगापासून तुटलेले नव्हते.

एका घराच्या भुईखाली मातीची लांबट गोल पेटी मिळाली. आत शीर नसलेली स्त्रीमूर्ती होती. पेटीच्या झाकणावर शीर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. सगळे काम कच्च्या मातीचे. बैलाच्या पाठीला भोक आहे आणि बिनशिराच्या मूर्तीलाही, त्यामुळे काडीने ती बैलावर बसवता येते. ढवळीकरांनी तिचा संबंध पुढच्या काळातील शिरोहीन देवतांशी आणि लेकराबाळांच्या व पिकाच्या सुफलतेशी जोडला. तीन हजार वर्षांची दरी एका उडीत ओलांडणारा हा अर्थ मोहक आहे, आणि म्हणूनच जपून घ्यावा. मूर्ती पेटीत घालून घरात पुरून ठेवली होती एवढे निश्चित. ती देवी होती, नवसाची होती की आणखी काही, याला लेखी आधार नाही. या लोकांना लिपी नव्हती. ते कोणती भाषा बोलत हेही सांगता येत नाही, त्यामुळे त्यांना आजच्या कोणत्याही एका समाजाचे पूर्वज ठरवण्याला अर्थ नाही.

दफनांची रीत हा इनामगावचा सर्वांत बोलका भाग आहे. मृतांना गावाबाहेर नेत नसत. घराच्या भुईत किंवा अंगणात पुरत. लहान मूल गेले की हाताने घडवलेले दोन करडे कुंभ तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवत आणि त्यांत मूल ठेवत. सोबत तोटीचे भांडे, वाडगा अशी छोटी मडकी. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून उताणे निजवत, आणि जोर्वे काळातील अशा दफनांत घोट्याखालची पावले नाहीत. मृताने भूत होऊन परत येऊ नये म्हणून पावले तोडत असावेत, असे स्पष्टीकरण उत्खननकर्त्यांनी दिले आणि ते लोकप्रिय झाले. पण हाडातून कळते ते पावले नाहीत इतकेच. भीतीचा भाग आपण जिवंत समाजांतल्या समजुतींवरून पुरवलेला आहे. शिवाय, ज्याची भीती वाटते त्याला आपल्याच भुईखाली का पुरायचे, हा प्रश्न त्या स्पष्टीकरणाने सुटत नाही.

एक दफन या सगळ्यांहून वेगळे आहे. उत्तर जोर्वे काळातील पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात कच्च्या मातीचा चार पायांचा रांजण होता. त्याचा फुगीर आकार स्त्रीच्या पोटासारखा दिसतो. त्यात सुमारे ४० वर्षांचा पुरुष पाय मुडपून बसवलेला होता, आणि त्याची पावले शाबूत होती. त्याच्या खाली तसाच दुसरा रांजण निघाला, पण त्यात सांगाडा नव्हता. दूर कुठे मेलेल्या माणसाचे ते प्रतीकात्मक दफन असावे, असे मानतात. पावले न तोडण्याचा मान मिळालेला हा माणूस गावचा प्रमुख असावा. सामाजिक दर्जा शरीराच्या वागणुकीतून वाचता येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण भारतीय प्रागैतिहासिक काळात विरळाच.

सांगाड्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. प्रौढ त्या मानाने फार कमी. प्रौढांपैकी बहुतेकांची विल्हेवाट दुसऱ्या रीतीने लागत असावी. याचा परिणाम पुढच्या सगळ्या अभ्यासावर होतो, कारण हाती असलेले सांगाडे म्हणजे गावाची खानेसुमारी नव्हे. जगून मोठी झालेली मुले त्यांत नाहीत, मेलेलीच आहेत. आणि मेलेल्या मुलांवरून जिवंत मुलांच्या तब्येतीचा अंदाज बांधणे हे मानवी जीवशास्त्रातले एक अवघड काम आहे.

ताम्रपाषाणयुगीन सांगाड्यांवरचे आधीचे काम कवट्यांच्या मापांकडे झुकलेले होते. नेवाशाच्या सांगाड्यांवर केनेथ केनेडी आणि कैलास मल्होत्रा यांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण कोणत्या ‘वंशा’चा, हा प्रश्न त्या काळी सर्वत्र विचारला जाई. इनामगावपर्यंत येता येता तो मागे पडला. अमेरिकेचे दंतमानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता : ही माणसे काय खात होती आणि किती आजारी पडत होती? दात त्यासाठी उत्तम. दाताची कीड पिष्टमय आहाराची खूण देते. दुधाच्या सुळ्यावर एक खळगा पडतो, तो बाळ जन्माच्या सुमारास किंवा पहिल्या काही महिन्यांत कुपोषणाने वा आजाराने पिचले असल्याचे सांगतो. दाताचे कवच एकदा तयार झाले की दुरुस्त होत नाही, त्यामुळे ती नोंद कायम राहते.

इथेच वाद उभा राहतो. पुरातत्त्वाचा पुरावा उत्तर जोर्वे काळात स्पष्ट घसरण दाखवतो. चौकोनी घरे जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, मडकी ओबडधोबड झाली, गव्हाचे प्रमाण घटले, शिकार आणि मेंढपाळी वाढली. इ. स. पू. १००० च्या सुमारास गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली बहुतेक गावे ओस पडली. इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले. ढवळीकरांनी याचे कारण पाऊसमान घटण्यात पाहिले. गोल झोपड्यांची तुलना त्यांनी परिसरातील फासेपारधी समाजाच्या झोपड्यांशी केली आणि गावकरी अर्धभटके झाले असावेत असे मांडले. दुष्काळी पट्ट्यातल्या वाचकाला हे सहज पटते.

दात मात्र वेगळे बोलतात. लुकाक्स आणि वाळिंबे यांना उत्तर जोर्वे काळातील मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर ते खळगे कमी आढळले, आणि किडीचे प्रमाणही घटलेले दिसले. म्हणजे घरे लहान झाली, पण तान्ह्या मुलांची तब्येत सुधारली असावी. शिकार आणि कंदमुळांचा मिश्र आहार एकाच धान्यावरच्या आहारापेक्षा बरा ठरला असावा. घरांच्या आकारावरून माणसांचे हाल मोजणे धोक्याचे असते, हे या निष्कर्षातून ठसठशीत झाले.

त्यानंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्याच मुलांच्या हातापायांची लांब हाडे तपासली आणि २०११ च्या ग्रंथात तिसरीच बाजू मांडली. हाडांच्या वाढीवरून उत्तर जोर्वे काळातील मुले खुरटलेली आणि वजनाने कमी दिसतात. जन्मदर चढा आणि बालमृत्यूही जास्त, असे चित्र त्यांना दिसले. हवामान अचानक कोरडे झाले म्हणून संस्कृती कोसळली, हा सोपा कार्यकारणभाव मात्र त्यांनी मान्य केला नाही.

दात आणि हाडे यांत विसंगती का? दाताचा खळगा आयुष्याच्या अगदी सुरुवातीची गोष्ट सांगतो, तर हाडाची वाढ पुढच्या काही वर्षांचीही सांगते. आईच्या दुधावर असेपर्यंत मूल बरे असणे आणि दूध तुटल्यावर खंगणे, या दोन्ही गोष्टी एकाच गावात घडू शकतात. हा तर्क आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे. पण अशा तर्काला जागा मिळते ती मडकी, दात आणि हाडे एकाच ठिकाणची, कालानुक्रमे लावलेली आहेत म्हणून. पुष्कळ स्थळांवर यांतले एकच काहीतरी हाती लागते.

उत्खननातील मृद्भांडी व सांगाडे पुण्यात डेक्कन कॉलेजकडे आहेत, आणि नव्या पद्धती आल्या की ते पुन्हा तपासायला काढता येतात. रॉबिन्स शुग यांचे काम उत्खनन थांबल्यानंतर दोन दशकांनी याच संग्रहावर झाले. जवळच्या वाळकी येथेही याच काळातल्या शेतकऱ्यांच्या छोट्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. मोठ्या गावाभोवती अशा वस्त्या किती होत्या आणि इनामगावच्या कोठारात त्यांचे धान्य येत होते का, हे ठरवायला आजूबाजूची आणखी टेकाडे उघडावी लागतील.